दोन लाख व्ह्यूज आणि एकवीस मोदक

माझी मावसबहीण ठाण्यात, नौपाड्याला, पोळीभाजी केंद्र चालवते. दहा बाय बाराचा गाळा, मागे दोन शेगड्या, पोळ्या लाटायला तिघीजणी आणि काउंटरवर ताई स्वतः. तिची वही मी लिहितो, कारण माझा धंदाच तो: आठ-दहा दुकानदारांची खाती, त्यांची जीएसटीची रिटर्न आणि मार्चअखेर त्यांच्या पावत्यांनी भरलेल्या पिशव्या.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर भाचीने उकडीच्या मोदकांची एक रील इन्स्टाग्रामवर टाकली. पारीला कळ्या पाडणारी ताईची बोटं, मोदकपात्राचं झाकण उघडल्यावरची वाफ, वरून तुपाची धार. चार दिवसांत रील दोन लाख लोकांनी पाहिली. घरात नुसता उत्सव. 'नाशिकला पाठवाल का?', 'कोल्हापुरात शाखा आहे का?', कुणी दुबईहून नुसते बदामाचे इमोजी पाठवतंय. आता उकडीचा मोदक सकाळी केला तर रात्री दडदडीत होतो, तो नाशिकला काय जाणार! विसर्जनानंतर हिशेबाला बसलो तेव्हा मी ताईला विचारलं, रील बघून प्रत्यक्ष दुकानात किती जण आले? ती जरा आठवून म्हणाली, "चरईचा एक मुलगा आला होता. एकवीस नेले त्याने."

त्याच आठवड्यात ताईने नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. स्टीलच्या ताटात मोदक, खाली दर, आणि 'बुकिंग चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी बंद' एवढंच. फोटोही जरा हललेला. त्यावर सहाशेच्या वर मोदक गेले.

'सोशल मीडियावर जाहिरात करू का हो?' असं विचारणाऱ्या दुकानदाराला मी ही गोष्ट आधी सांगतो. ती ऐकून काही जण खूश होतात, म्हणजे हे सगळं थोतांडच ना! तसं मला म्हणायचं नाही. रील चांगलीच होती, फक्त ती भलत्या गावात फिरली. पोळीभाजीवाल्या ताईचं गाव नौपाडा, चरई, फार तर पाचपाखाडी आणि तलावपाळीपर्यंत. तीन किलोमीटरचं गाव आहे ते. त्या गावातल्या हजार-दोन हजार घरांना ताई आठवली पाहिजे आणि सापडली पाहिजे. सोशल मीडियाची किंमत यावरच ठरते. बाकी महाराष्ट्राला मोदक आवडले तर आनंदच आहे, पण त्याची नोंद माझ्या वहीत कुठल्या खात्याला करू?

पाटी, हँडबिल आणि ओळख

'ऑनलाइन' या एका शब्दात दुकानदार सगळं कोंबतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जुन्या काळात दुकानाला तीन गोष्टी लागायच्या. दारावरची पाटी, म्हणजे शोधत आलेल्याला सापडावं. पेपरात घालून वाटलेलं हँडबिल, म्हणजे ज्याला ठाऊकच नाही त्याला कळावं. आणि ओळख, 'काय काकू, आज पुरणपोळी आहे हं', म्हणजे एकदा आलेलं माणूस परत यावं. आज पाटीचं काम गूगलचा नकाशा करतो, हँडबिलाचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक, ओळखीचं व्हॉट्सॲप. आमच्या मोदकांच्या वेळी हँडबिल दुबईपर्यंत उडालं आणि विक्री केली ओळखीने.

सुरुवात पाटीपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. गूगलचा नकाशा खरं तर सोशल मीडिया नाही, पण गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय करायचंय! भूक लागलेला माणूस फोनवर 'जवळचं पोळीभाजी केंद्र' असं शोधतो तेव्हा त्याला काहीतरी घ्यायचंच असतं. त्याला पटवावं लागत नाही, फक्त दिसावं लागतं. नकाशावर आपल्या दुकानाची माहिती भरायच्या या सोयीचं नाव २०१४ मध्ये 'गूगल माय बिझनेस' होतं, २०२१ पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झालं. ती फुकट आहे. दुकान तुमचंच आहे हे पटवायला हल्ली बरेचदा व्हिडिओ काढायला लावतात: रस्ता, पाटी, मग कुलूप उघडून आत.

कुणाचं नाव वर दिसायचं हे ठरवताना तीन गोष्टी बघतो असं गूगल स्वतःच सांगतं. शोधलेल्या शब्दांशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही, नाव व्हायला वेळ लागतो, पण जुळणी आज संध्याकाळी सुधारता येते. ताईच्या प्रोफाइलवर भाचीने नुसतं 'गृहउद्योग' लिहिलं होतं. गृहउद्योग कोण शोधतं? आमच्या गल्लीतल्या काकू 'पोळी' म्हणतात, समोरच्या इमारतीतले 'चपाती' म्हणतात, घोडबंदरला भाड्याने राहणारा आयटीतला मुलगा 'टिफिन' टाइप करतो, आणि पाडव्याच्या आदल्या रात्री सगळेच 'श्रीखंड पुरी' शोधतात. हे सगळे शब्द मेन्यूत आणि वर्णनात असायला हवेत. दुकानाच्या नावात मात्र ते कोंबू नका. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे द्यायचं असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडला तर प्रोफाइल बंद पडू शकतं.

आणखी एक. 'तुमचं दुकान गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, महिन्याला अमुक द्या' असे फोन सगळ्यांना येतात. नकाशातला वरचा क्रम पैसे देऊन मिळत नाही, हे गूगलने स्पष्ट लिहून ठेवलंय. पैसे देऊन जाहिरात करता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. फोन ठेवून द्या.

नवी मुंबईत पाटीची भानगड वेगळीच. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी, खारघर अशा प्रत्येक भागाला, सेक्टरचे आकडे नव्याने दिले, त्यामुळे सेक्टर १७ वाशीतही आहे आणि इतर नोडमध्येही. माझ्या एका पक्षकाराचं खारघरला सलून आहे. त्याने पत्ता नुसता सेक्टर आणि प्लॉट नंबर घालून दिला होता, नकाशावरची टाचणीही मागच्या इमारतीवर पडलेली. नवीन येणारा प्रत्येक जण 'मी खाली उभा आहे, तुम्ही कुठे आहात?' असा फोन करायचा. दोघेही खालीच असायचे, वेगवेगळ्या इमारतींच्या. टाचणी सरकवायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांइतका फायदा त्याला पुढच्या सहा महिन्यांतल्या कुठल्याच पोस्टने झाला नाही.

वेळाही नीट भरा. दुपारी एक ते चार बंद ही काही पुण्याचीच मक्तेदारी नाही, आमच्या नौपाड्यातही वामकुक्षी घेतात. घ्या, पण गूगलवर तसं लिहा. 'चालू आहे' असं वाचून भर उन्हात आलेला माणूस बंद शटर बघतो आणि तिथेच उभा राहून एक स्टार देऊन जातो.

स्टारवरून आठवलं. एकदा एकाने ताईबद्दल लिहिलं: 'भाजीत मीठ नाही, काउंटरवरच्या बाईंना बोलायची पद्धत नाही.' ताईचं उत्तर तयार होतं, 'मीठ मागितलं असतंत तर दिलं असतं.' मी तिला म्हटलं, हे उत्तर तो माणूस वाचणार नाही, पुढचे शंभर जण वाचतील. मग आम्ही लिहिलं: 'त्या दिवशी दुधीला मीठ कमी पडलं होतं, आमच्याही नंतर लक्षात आलं. पुन्हा आलात तर काउंटरवर चव बघा आणि मगच न्या.' पुढे दोन-तीन नव्या गिऱ्हाइकांनी हसत हसत खरोखर चव मागितली. म्हणजे वाचतात लोक. 'पाच स्टार द्या, दहा टक्के सवलत घ्या' असलं मात्र करू नका, गूगलला ते चालत नाही. आणि खोट्या परीक्षणांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानकही काढलंय.

हँडबिल कुणाच्या हातात पडतं

इन्स्टाग्रामवर एवढी गर्दी का झाली याचा इतिहास छोटासा आहे. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेला देश तिकडे वळला. तेव्हापासून नाक्यावरच्या चहावाल्यालाही वाटतं, आपली एक रील हवी.

रील कुणाला दाखवायची हे ठरवणारं गणित समजून घेणं फारसं अवघड नाही. ती आधी थोड्या लोकांना दाखवली जाते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिली, लाइक केली, कुणाला पाठवली, तर आणखी लोकांना. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं की पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं या गोष्टींना सगळ्यांत जास्त वजन आहे, आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं तर पाठवण्याला विशेष.

आता दुकानदाराच्या बाजूने बघा. गणिताला माणूस गुंतून राहिला पाहिजे. तो ठाण्यात राहतो की नागपुरात, याच्याशी गणिताला फारसं देणंघेणं नाही. म्हणून नुसती सुंदर रील दूरवर जाते. तिला गावात ठेवायचं असेल तर गाव तिच्यातच घालावं लागतं. भाची आता रीलची सुरुवात मोदकाने करत नाही. 'नौपाड्यात ऑफिस आहे आणि डबा विसरलात?' असं विचारून करते. त्या रील्स पंधराशे-दोन हजारांच्या पुढे जात नाहीत. पण चरईतली बाई ती पाहून पाचपाखाडीतल्या नणंदेला पाठवते.

याच गणितामुळे विकत घेतलेले फॉलोअर्स अंगाशी येतात. आमच्या ओळखीच्या एका बुटीकवाल्या बाईंना कुणीतरी दहा हजार फॉलोअर्स स्वस्तात मिळवून दिले. आकडा बघून बाई खूश. पण ही खाती खोटी, नाहीतर कुठल्या तरी परदेशातली. नवी पैठणी-ड्रेसची पोस्ट आधी त्यांच्याच पुढे गेली, कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि हिच्या पोस्ट कुणाला आवडत नाहीत असा गणिताचा समज झाला. पूर्वी ज्या दोनशे खऱ्या बायकांना पोस्ट दिसायची त्यांनाही दिसेनाशी झाली. शेवटी बाईंनी नवं खातं उघडलं.

एक छोटी सूचना, कारण यात बरेच जण अडकतात. खातं 'बिझनेस' प्रकारचं केलं की चालू सिनेमातली गाणी रीलला लावता येत नाहीत. व्यवसायासाठी गाणं वापरायचं तर हक्क लागतात, म्हणून तिथे वेगळी, मर्यादित यादी असते. माझ्या मते बिघडलं काहीच नाही. तव्यावर पोळी टम्म फुगते तो आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा भूक लावतो.

खाण्याच्या जागा दाखवणाऱ्या ठाण्यातल्या रीलवाल्यांना बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा. फक्त पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेली रील ही जाहिरात आहे असं त्यांना स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत.

पैसे देऊन जाहिरात: हा लिलाव आहे

पोस्टखाली 'बूस्ट' नावाचं बटण असतं. ते दाबलं की काय होतं? प्रत्येक वेळी कुणीतरी फोन उघडतं तेव्हा त्याच्या पडद्यावरच्या एका जागेसाठी लिलाव होतो. मासळीच्या लिलावात जास्त बोली लावणारा टोपली उचलतो. इथला लिलाववाला जरा निराळा आहे. तो बोली बघतो, पण ही जाहिरात या माणसाच्या कामाची असण्याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही बघतो. तिन्हींची गोळाबेरीज ज्याची जास्त, त्याला जागा. त्यामुळे मोठ्या कंपनीपेक्षा कमी बोली लावूनही पाचपाखाडीतल्या माणसासमोर ताईची जाहिरात येऊ शकते, कारण दुपारी साडेबाराला त्याला पोळीभाजीच हवी असते.

दिवाळीच्या पंधरवड्यात हा लिलाव तापतो. मोबाइलवाले, सोनार, गाडीवाले सगळे एकाच पडद्यासाठी बोली लावतात आणि दर चढतात. फराळाची जाहिरात करायची तर नवरात्राच्या आसपासच उरकावी. तेव्हा ऑर्डर आली नाही तरी नंबर मिळतात.

जाहिरात कुठे दाखवायची हे नकाशावर वर्तुळ काढून सांगता येतं. इथे माणसं फसतात. नौपाड्याभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं की त्यात मुलुंडही येतं आणि रुळांपलीकडची कोपरीही. मुलुंडचा माणूस दोन पोळ्यांसाठी ठाण्यात येणार नाही, कोपरीचा माणूस पूल ओलांडणार नाही. त्यात ठाणे स्टेशन, म्हणजे गाडी बदलायला उतरलेला कर्जतचा माणूसही सापडतो. वाशीत आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर अर्धी खाडीच आत येते. फ्लेमिंगोंकडे फोन नाहीत हे नशीब, पण पलीकडच्या मानखुर्दवाल्यांकडे आहेत. वर्तुळाला पूल, रूळ, खाडी आणि घोडबंदरची संध्याकाळची कोंडी समजत नाही. ती तुम्हाला समजते, म्हणून नको ते भाग वगळण्याची सोय आहे ती वापरा.

आता वही उघडतो. समजा, दहा दिवस रोज २०० रुपये घातले, म्हणजे २,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २,३६० झाले. (तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत, असाल तर हा कर परत मिळत नाही, तो खर्चच.) जाहिरात बघून ४० जणांनी मेसेज केला, १६ जणांनी प्रत्यक्ष घेतलं, प्रत्येकाचं बिल ३५० रुपये. विक्री ५,६०० रुपये. माल, गॅस, मजुरी वजा जाता शंभरातले ४० उरतात असं धरलं तर हाती २,२४०. म्हणजे १२० रुपयांचा तोटा.

बहुतेक दुकानदार इथेच थांबतात आणि म्हणतात, फेसबुकने लुटलं. काही उलटे, ते नफा बघतच नाहीत आणि ५,६०० ची विक्री झाली म्हणून पेढे वाटतात. पण त्या १६ पैकी सहाच जण पुढचे तीन महिने पंधरा दिवसांतून एकदा येत राहिले असं धरा. सहा गुणिले सहा, ३६ बिलं, १२,६०० रुपये, आणि त्यातून हाती ५,०४०. सगळी कमाई इथे आहे. जाहिरातीने पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक जवळजवळ फुकट गेलं तरी चालतं. ते परत आलं नाही तर मात्र काहीच चालत नाही. आणि परत आणायचं काम जाहिरात करत नाही. ते भाजी करते, ताईचा स्वभाव करतो, आणि थोडंफार व्हॉट्सॲप.

खर्चात अजून एक रक्कम धरायची असते, ती कुणीच धरत नाही: वेळ. रोज दीड-दोन तास रील करण्यात घालवणारा दुकानदार म्हणतो, मी तर फुकटात करतो. तेवढ्या वेळात काउंटरवर उभं राहायला माणूस ठेवला असता तर त्याला काय द्यावं लागलं असतं? तेवढा खर्च त्या रीलचा.

ओळख

व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि लहान दुकानदाराला ते सगळ्यांत सहज जमलं, कारण व्हॉट्सॲप आधीच येत होतं. त्यात मालाची यादी फोटो-दरासकट लावता येते, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जातं, गिऱ्हाइकांना खुणेची लेबलं लावता येतात. ताईने लावलेली लेबलं अशी: 'डबा महिना', 'कांदा-लसूण नको', 'उधारी'. तिसरं लेबल माझ्या सांगण्यावरून.

एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणाऱ्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. पुष्कळांना हे ठाऊक नसतं आणि मग 'मी तर सगळ्यांना पाठवलं होतं' अशी तक्रार होते. म्हणून ताई नवीन माणसाला पिशवी देताना म्हणते, "नंबर सेव्ह करा हं, रोज सकाळी भाजी कळेल." सकाळी साडेनऊला स्टेटसवर आजच्या भाज्या. त्याने कुणाला त्रास होत नाही, ज्याला बघायचं तो बघतो. मेसेज आठवड्याला एक, फार तर दोन. रोज 'शुभ सकाळ' आणि गुलाब पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, बऱ्याच जणांनी तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो.

ठाण्या-नवी मुंबईत खरा बाजार सोसायट्यांच्या ग्रुपवर भरतो. घोडबंदर किंवा खारघरच्या एका मोठ्या संकुलात लहान गावाएवढी माणसं राहतात आणि त्यांचा एखादा खरेदी-विक्रीचा ग्रुप असतो. तिथे बाहेरच्याने घुसून जाहिरात टाकली की ॲडमिन काढून टाकतो, आणि बरोबरच करतो. पण त्याच सोसायटीतल्या एका काकूंनी 'मी यांच्याकडून पुरणपोळ्या घेतल्या, छान होत्या' असं लिहिलं की दुपारपर्यंत फोन वाजत राहतो. तसं लिहायला कुणाला लावता येत नाही. पिशवीत ताजा मेन्यू ठेवता येतो, तेवढंच.

आणि नंबर कागदावरही लिहून ठेवा. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्ही एकाच कंपनीची, मेटाची. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री तिन्ही एकदम बंद पडली आणि सुमारे सहा तास बंद होती. घटस्थापना तीन दिवसांवर होती, ताईकडे उपवासाच्या थाळीच्या ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर. सकाळी सगळं परत आलं, पण ती रात्र तिने 'कोणी काय सांगितलं होतं' ते आठवण्यात काढली. टिकटॉकवर जमवलेले प्रेक्षक तर लोकांना परत मिळालेच नाहीत. जागा भाड्याची आहे आणि करारनामा आपल्याकडे नाही, एवढं लक्षात ठेवून तिथे दुकान मांडायचं. ताईकडे आता दोनशे पानी वही आहे, त्यात नाव, नंबर, इमारत.

काहींना यातलं फारसं काहीच लागत नाही, हेही सांगतो. पिठाची गिरणी, चावीवाला, सायकलचं पंक्चर: नकाशावर अचूक टाचणी आणि चालू फोन नंबर, संपलं. गिरणीवाल्याने रील करून काय दाखवायचं, दळण? (कुणीतरी करेलही, आणि लाखभर लोक बघतील.) ज्यांचे हात आधीच भरलेत त्यांनाही जाहिरात नको. दिवसाला दोनशे मोदक वळणाऱ्या बाईंना पाचशेची मागणी आली तर त्या बाहेरून आणून देतात, चव बिघडते आणि दहा वर्षांचं नाव एका चतुर्थीत जातं. आणि घरून खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयची नोंदणी करा. इन्स्टाग्रामवर विकलं म्हणून ती माफ होत नाही.

कुठल्या गोष्टीचा किती उपयोग होतो हे कळायला ताईने माझ्या सांगण्यावरून एक साधी पद्धत ठेवलीय. नवीन माणूस आला की 'कुठून कळलं?' असं विचारायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघ मारायची. रकाने: गूगल, इन्स्टाग्राम, सोसायटीचा ग्रुप, शेजारणीने सांगितलं, जाता जाता दिसलं. पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त रेघा शेजारणीच्या रकान्यात पडल्या. भाची हिरमुसली, म्हणजे माझ्या मेहनतीचं काय? मग ताई एक प्रश्न वाढवून विचारायला लागली: शेजारणीने तोंडी सांगितलं की फोनवर? निम्म्याहून जास्त जणी म्हणाल्या, तिने तुमचा सकाळचा भाज्यांचा फोटो पाठवला. त्या रेघा मग भाचीच्या हट्टाखातर दोन रकान्यांच्या मधोमध मारायला सुरुवात झाली, आणि माझ्यासारख्या हिशेबनिसाला त्याचा रोज त्रास होतो.

परवा गेलो तेव्हा कॅलेंडरवर सहावा रकाना दिसला. ताईने तो मला न विचारता वाढवलाय. वर लिहिलंय 'वास'. शुक्रवारी पुरण शिजतं, त्या दिवशी त्यात तीन-चार रेघा असतात.